जागे राहा, पण कोणत्या प्रहरी?

वाचकांचे प्रश्न

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की या सदराच्या टपालाचा नूर बदलतो. एरवी लग्न, दफनभूमी, मंडळीच्या निवडणुका असे विषय असतात. उपवासकाळात मात्र लोक मोहांविषयी लिहितात, आणि बरेच मोकळेपणाने लिहितात. नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रे इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : सलाम. आमची द्राक्षबाग आहे. उपदेशात 'जागृत राहा' हे वर्षातून दहा वेळा ऐकतो. पण म्हणजे नेमके करायचे काय? दिवसभर स्वतःच्या मनावर डोळा ठेवून बसलो तर फवारणी कोण पाहणार, मजूर कोण सांभाळणार? (एक बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : भाऊ, सलाम. हे काम तुम्ही दरवर्षी करता, फक्त बागेत करता. गोडी छाटणी झाली, कोवळी फूट आली, त्यात ढगाळ हवा, दव किंवा अवेळी पाऊस आणि पानावर काही तास टिकलेले पाणी एवढे जुळले, की तुम्हाला डावणी या बुरशीजन्य रोगाची धास्ती बसते. पानावर पिवळसर तेलकट डाग दिसेपर्यंत कोणी जाणता बागायतदार थांबत नाही. डाग दिसतो तेव्हा बुरशी आत शिरून काही दिवस झालेले असतात. म्हणून तुम्ही आधी हवामान बघता. मनाचेही हवामान असते, आणि जागृत राहणे म्हणजे मुख्यतः ते ओळखणे.

मार्क १३:३५ मध्ये प्रभू चार वेळांची नावे घेतो : संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, सकाळ. रात्रीचे हे चार प्रहर रोमी पहाऱ्याचे. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच. पहारेकरी बदलत असत, कारण एकच माणूस चारही प्रहर तितकाच सावध राहू शकत नाही. तुमचाही धोक्याचा प्रहर बहुधा एक किंवा दोनच असतील. कोणाचा तो पैसे हातात पडल्याच्या संध्याकाळी येतो, कोणाचा व्यापाऱ्याशी हुज्जत झाल्यानंतरच्या तासात, कोणाचा रविवारी दुपारी, उपासनेहून आल्यावर सगळे झोपलेले असताना.

तो सापडण्यासाठी १४ दिवस एक छोटी वही ठेवा. १४ अशासाठी की त्यात दोन रविवार आणि दोन आठवडे बाजार येतात. एका आठवड्यावरून अंदाज चुकतो. मन घसरले किंवा घसरता घसरता राहिले, की पाच गोष्टी लिहा : वेळ, जागा, सोबत कोण होते, त्याआधीच्या तासात काय घडले, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय होते. पाप काय ते लिहू नका. एक तर वही कोणाच्या हाती लागली तर घरात नसता गोंधळ. दुसरे म्हणजे तपशील लिहिताना तोच विचार पुन्हा चाळवतो. पंधराव्या दिवशी जुळणाऱ्या वेळांभोवती गोल करा. तेवढ्याच वेळी डोळ्यांत तेल घालून बसायचे, बाकी वेळ निवांत औषध मारा.

आता पहारा कसा बसवायचा ते. नहेम्या ४:९ मध्ये यहूद्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला, असे एका दमात सांगितले आहे. पुढे १३व्या वचनात, जिथे तट सखल होता तिथेच माणसे उभी केली. तुमच्या वहीतला गोल म्हणजे तो सखल तट. पैसे हातात पडल्याची संध्याकाळ असेल तर रक्कम घरच्यांच्या समोर मोजली जाईल अशी व्यवस्था करा. हुज्जतीनंतरचा तास असेल तर त्या तासात फोन आणि गाडीची किल्ली दोन्ही बाजूला. प्रार्थना त्या वेळेच्या आधी पाच मिनिटे करा. मोह ऐन भरात आल्यावर लांब प्रार्थना सुचत नाही. तेव्हा 'प्रभू, मला धर' एवढेच तोंडातून निघते, आणि तेवढे पुरते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या साधूने मनात येणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली होती. त्याचे एक म्हणणे तुमच्या उपयोगी पडेल : हे विचार आपल्याला सतावतात की नाही हे आपल्या हाती नाही, ते रेंगाळतात की नाही हे आपल्या हाती आहे. विचार आला म्हणजे पाप झाले असे नव्हे. दाराशी आलेल्याला खुर्ची दिली, चहा विचारला, की मग तो हलत नाही. दावीद राजाचे पाहा (२ शमुवेल ११). तो बिछान्यावरून उठला, गच्चीवर फिरला, त्याला एक स्त्री दिसली, त्याने चौकशी केली, माणसे पाठवली. चौकशी आणि माणसे पाठवणे यांच्या मध्ये त्याला सांगितले गेले होते की ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे. परतीचे दार तिथे उघडे होते. तुमच्याही प्रसंगात असे एक दार असते. वहीत ते सापडते का बघा.

यशयाच्या पाचव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात मालक मध्यभागी बुरूज बांधतो, आणि गीतरत्नात लहान कोल्हे मळ्याची नासाडी करतात. ही वचने समजायला निफाड-दिंडोरीच्या माणसाला तळटीप लागत नाही.

प्रश्न : प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांस परीक्षेत आणू नको' म्हणतो. म्हणजे देवच आपल्याला मोहात घालतो का? माझ्या मुलीने विचारले, मला उत्तर देता आले नाही. (एक आई, देवळाली)

उत्तर : नाही. याकोब १:१३ स्पष्ट सांगते की देव कोणाला मोहात पाडत नाही. घोळ शब्दाचा आहे. मूळ ग्रीकमध्ये पारख आणि मोह या दोन्हींसाठी एकच शब्द येतो. मराठीत आपण त्यांना वेगळे मानतो. शाळेत बाई परीक्षा घेतात ती मुलाला काय येते हे कळावे म्हणून. शेजारचा मुलगा कॉपी पुढे सरकवतो तो मोह. प्रसंग तोच, हेतू दोन. त्या ओळीत आपण मागतो ते असे : आम्हाला आमच्या ताकदीपलीकडच्या जागी नेऊ नकोस, आणि नेलेस तर सोडव. ही अडचण इतरांनाही जाणवली आहे. फ्रान्समधल्या कॅथलिक मंडळीने २०१७ साली आणि इटलीतल्या मंडळीने २०२० साली आपापल्या भाषेतली ही ओळ बदलून घेतली. मुलीला कॉपीचे उदाहरण द्या, तिला पटेल.

प्रश्न : मी अंबडला कारखान्यात आहे, पाळ्या फिरत्या. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा पत्नी कामावर आणि मुले शाळेत गेलेली असतात. झोप येत नाही, मोबाइल हातात येतो आणि नको ते पाहतो. मग रडतो, प्रार्थना करतो. पुढच्या रात्रपाळीत पुन्हा तेच. दिवसपाळीच्या आठवड्यात काही होत नाही. माझा विश्वासच खोटा आहे का? (नाव नको)

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही शेवटाकडे सहज लिहून गेलात : दिवसपाळीच्या आठवड्यात काही होत नाही. विश्वास खोटा असता तर तो पाळी बघून खोटा झाला नसता. तुमचा प्रहर सकाळी आठ ते दहा आहे. त्या वेळी शरीर रात्रभर जागलेले, पोट रिकामे, घर रिकामे आणि फोन हातात असतो. चारही दारे एकदम उघडी. गेथशेमाने बागेत प्रभू शिष्यांना म्हणाला, आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे (मत्तय २६:४१). तेही रात्री जागून थकलेल्या माणसांना उद्देशून.

आधी झोप आणि जेवण. हे वाचून तुम्हाला वाटेल, आम्ही आध्यात्मिक प्रश्नाला वैद्यकीय उत्तर देतो आहोत. १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. एलीयाने भाकर खाल्ली, पाणी प्यायला, झोपला, पुन्हा खाल्ले, आणि मग चालता झाला. रात्रपाळीच्या आठवड्यात असे करा : पहाटे चारनंतर चहा-कॉफी बंद. सुटण्यापूर्वी कँटीनमध्ये किंवा वाटेत पोटभर नाश्ता. घरी येताना उन्हात टोपी किंवा गॉगल, कारण सकाळचे ऊन मेंदूला 'दिवस उजाडला' असे सांगते आणि झोप पळते. खोलीला जाड, गडद पडदा. घरी पोचल्यापासून अर्ध्या तासात अंथरुणावर.

फोन झोपायच्या खोलीत न्यायचाच नाही. 'गजरासाठी लागतो' ही सबब सगळे देतात. टेबलावरचे गजराचे घड्याळ घ्या, फार महाग नसते. फोनचा चार्जर कायमचा स्वयंपाकघरात. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग'मधून अॅपची वेळ ठरवता येते, पण ती तुमची तुम्हालाच उठवता येते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असते. तिथे प्रौढ मजकूर अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की तशी बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा मोफत आहे. हे कुठे फसते तेही सांगतो. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या मार्गाने वळवणारे अॅप) लावला की अडसर निघतो, आणि टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामच्या आत जे येते ते यात अडत नाही. ती अॅप त्या आठवड्यापुरती काढून टाकावी लागतील. कुलूप तोडता येते हे खरे, पण तोडायला जो अर्धा मिनिट लागतो तेवढ्यात माणूस भानावर येतो. कुलपाचा उपयोग तेवढाच.

ऐन वेळी मनाशी वाद घालू नका. शास्त्र सैतानाला अडवा म्हणते (याकोब ४:७), पण जारकर्मापासून पळा म्हणते (१ करिंथ ६:१८). योसेफाने आपल्या धन्याच्या, पोटीफराच्या, बायकोला एकदा देवाचे नाव घेऊन नकार दिला; शेवटी तो वस्त्र तिच्या हाती टाकून पळालाच. तुमच्यासाठी पळणे म्हणजे उठून उभे राहणे, पाय जमिनीवर, खोलीबाहेर, तोंडावर पाणी, एक वचन मोठ्याने म्हणणे आणि फोन लावणे. फोन कोणाला, हे आजच ठरवा. आपल्यापेक्षा वयाने मोठा, पोटात गोष्ट ठेवणारा, मंडळीतला एखादा पुरुष. त्याने आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी तीन प्रश्न विचारावेत : या आठवड्यात काय पाहिलेस? तुझ्या प्रहरी कुठे होतास? वरच्या दोन उत्तरांत काही लपवलेस का? तिसरा प्रश्न गाळला की पहिले दोन महिन्याभरात औपचारिक होऊन जातात, असे बहुतेक ठिकाणी दिसते.

पत्नीला सांगावे का? सांगावे, पण घाईत नाही आणि एकट्याने नाही. पाळकसाहेबांना किंवा त्या मोठ्या भावाला सोबत घेऊन. आणि तिला तुमचा शिपाई करू नका. रोज फोन तपासायचे काम बायकोला दिले की दोघांच्या नात्याचा कस लागतो आणि सवय तशीच राहते.

घसरलात तर त्याच दिवशी उठा. १ योहान १:९ प्रमाणे कबुली द्या, वहीत वेळ लिहा, झोपा. 'आता आठवडा वाया गेलाच' हा दुसरा मोह पहिल्यापेक्षा वाईट असतो. शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे ठाऊक असूनही प्रभूने आधीच त्याच्यासाठी प्रार्थना केली होती (लूक २२:३२), आणि 'तू वळलास म्हणजे' हे शब्दही आधीच बोलून ठेवले होते.

प्रश्न : आमच्या महिला प्रार्थना गटात 'प्रार्थना-विनंती' म्हणून सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी नाशिकरोडभर होते. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा मुलगा पितो. बोलणाऱ्या ताई स्वभावाने वाईट नाहीत. मीही त्यात असते, हे कबूल करते. काय करावे? (एक भगिनी, नाशिकरोड)

उत्तर : ताई, या पत्राबद्दल आभार, कारण हा मोह प्रार्थनेचा पदर डोक्यावर घेऊन येतो आणि म्हणून ओळखू येत नाही. दारू पिणाऱ्याला निदान आपण दारू पितो हे माहीत असते.

विनंती आणि चहाडी यांतला फरक तपासायला एक सोपे माप आहे : प्रार्थनेला गरज लागते, कारण लागत नाही. 'एका घरात शांती हवी आहे' एवढ्यावर देवाकडे मागता येते. सून का गेली, सासूने काय म्हटले, दागिने कोणाकडे आहेत, हे देवाला सांगावे लागत नाही. ते शेजारच्या खुर्चीसाठी असते. गटाने तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. ज्याची विनंती त्यानेच सांगावी, किंवा त्याची परवानगी घेऊन सांगावी. परवानगी नसेल तर नाव नाही. विनंती एका वाक्यात. आणि ऐकलेले गटाबाहेर, अगदी नवऱ्यालासुद्धा नाही. व्हॉट्सअॅपवर विनंत्या टाकत असाल तर निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय २४ तासांवर ठेवा. स्क्रीनशॉट तरीही काढता येतो, म्हणून नाजूक गोष्ट तिथे लिहूच नये.

हे नियम मांडायचे कसे, हा खरा अवघड भाग. गटात उभे राहून 'आपण चहाड्या करतो' म्हटलेत तर पुढच्या आठवड्यात चहाडी तुमचीच असेल. गट चालवणाऱ्या बाईंना एकटीने भेटा आणि सुरुवात स्वतःपासून करा : 'मागच्या वेळी मी अमुक बोलून गेले, मला बरे वाटले नाही, आपण काही ठरवू या का?' ऐन वेळी विषय वाहवला तर एकच वाक्य पुरते : 'ताई, तिलाच विचारू या का? लावू फोन?' आवाज गोड ठेवा. बहुतेक वेळा विषय तिथेच विझतो. लाकूड संपले की अग्नी विझतो, असे नीतिसूत्रे २६:२० मध्ये आहेच. तुमचा स्वतःचा प्रहर बहुधा बैठक संपल्यावर, चप्पल घालता घालता येत असेल. तेव्हा दहा मिनिटे थांबायची सवय मोडा. निघा, घरी भाजी निवडायची आहे म्हणा.

एक अपवाद ठळकपणे नोंदवतो. मारहाण होत असेल, लेकराला कोणी त्रास देत असेल, तर 'गटाबाहेर नाही' हा नियम लागू नाही. ते लपवणे पापात भागी होणे आहे. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतक्रमांक आहेत. तिथे प्रार्थनेनंतर फोन करायलाच हवा, आणि बऱ्याचदा आधी.

प्रश्न : खरेदी विभागात आहे, सातपूर. दिवाळीला पुरवठादार घरी सुका मेवा देत, आता पाकीट देतात. मागच्या दोन वर्षांत १०,००० रुपये घेतले. सगळेच घेतात. परत करावे का, कोणाला? (एक वाचक)

उत्तर : परत करा. निर्गम २३:८ म्हणते, लाच डोळस माणसालाही आंधळे करते. तुम्हाला अजून दिसते आहे, तेवढ्यात हलावे. भेट की लाच, याची कसोटी सोपी : उद्या तुमची बदली भांडार विभागात झाली तर पुढच्या दिवाळीला तो माणूस येईल का?

रक्कम किती, याचा हिशेब लेवीय ६:५ मध्ये आहे. मूळ रकमेत पाचवा हिस्सा मिळवून द्यायचा. १०,०००चे १२,००० होतात. जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले होते, ते त्याचे मन. नियम पाचव्या हिश्श्याचा आहे. द्यायचे कंपनीला, कारण पाकिटाचे पैसे पुरवठादार दरात वसूल करतो. अनेक जण असे पैसे दानपेटीत टाकून मोकळे होतात. ते दुसऱ्याच्या पैशांचे दान झाले. वरिष्ठांना लेखी देण्यापूर्वी मात्र वकिलाशी एकदा बोला. नोकरी सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली असेल तर १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि शब्द जपून लिहावे लागतात. यापुढे खाऊचा डबा आला तर तो ऑफिसात सगळ्यांसमोर उघडा. पाकीट आले तर त्याच दिवशी परत आणि वरिष्ठांना त्याच दिवशी ई-मेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात राहिलेले पाकीट परत जात नाही.

प्रश्न : मला मधुमेह आहे, वय ६३. उपवासकाळात ४० दिवस मांस, गोड आणि एक वेळचे जेवण सोडते. त्या दिवसांत चिडचिड फार होते, आणि ईस्टर झाला की सगळे दुप्पट सुरू होते. माझे काही चुकते का? (एक आजी)

उत्तर : आजी, दोन चुका आहेत, दोन्ही सुधारता येतील. कॅथलिक मंडळीच्या नियमात उपवास १८ ते ५९ वयापर्यंतच बंधनकारक आहे, तोही राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडे खाता येते. मांस वर्ज्य करण्याचा नियम वय १४पासून पुढे. आजाऱ्याला सूट आहे. इतर मंडळ्यांत तर तो ऐच्छिकच असतो. एक वेळचे जेवण सोडण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर. घाम, थरथर आणि अचानक येणारी चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. साखर ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. त्याने उपवास मोडला असे मानू नका. कोणी सांगावे, ज्याला तुम्ही रागाचा मोह समजत होता ती साखर असेल.

दुसरी चूक रिकाम्या घराची. मत्तय १२:४३-४५ मध्ये भूत निघून जाते, घर झाडून ठेवलेले असते, पण आत कोणी राहायला आलेले नसते. म्हणून ते आणखी सात जणांना घेऊन परत येते. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीच्या जागी काहीतरी ठेवा. गोड सोडले तर त्याचे पैसे वेगळ्या डब्यात, आणि ते एका गरजू घरी (यशया ५८ अशा उपवासाबद्दल आहे). राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. ६ रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून ४०. ते रविवार खरोखर मोकळे ठेवा, म्हणजे ईस्टरला बांध फुटत नाही. नंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत (पेंटेकॉस्ट) एकेक गोष्ट आठवड्याच्या अंतराने परत आणा, आणि एक कायमची सोडून द्या.

प्रश्न : माझ्या मनात प्रभूबद्दल घाणेरडे विचार येतात, विशेषतः उपासनेत. मी प्रत्येक विचाराची क्षमा मागते. शब्द चुकला वाटले की प्रार्थना पहिल्यापासून म्हणते. रात्री दोन-दोन तास जातात. 'सावध असा, जागे राहा' हे वचन वाचले की भीती आणखी वाढते. (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : बेटा, तुला आम्ही जास्त सावध राहायला सांगणार नाही. तू आधीच चारही प्रहर जागी आहेस. तू लिहिले आहेस ते बहुधा मंत्रचळाच्या आजाराचे, म्हणजे ओसीडीचे, धार्मिक रूप आहे. त्यात विचार नकोसे असतात म्हणूनच येतात, आणि त्यांचा तुझ्या इच्छेशी संबंध नसतो. नक्की निदान मानसोपचारतज्ज्ञच करू शकतात. इग्नेशियस लोयोला या संताला १५२२ साली मनरेसा इथे अशाच शंकांनी इतके छळले होते की पुन्हापुन्हा पापकबुली देऊनही त्याला शांती मिळेना.

या आजारात नेहमीचा सल्ला उलटा पडतो. क्षमा मागितल्यावर मिनिटभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच पुढची शंका जोर धरते. म्हणून विचार आला तरी क्षमा न मागता उपासना पुढे चालू ठेवायची. शब्द चुकला तरी मागे जायचे नाही. सुरुवातीला धडधडते, मग ओसरते. हे एकटीने जमणे कठीण असते. त्यासाठी याच पद्धतीने उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ आणि गरज पडल्यास औषधे आहेत. आधी बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो. पाळकांना किंवा फादरांना हे उत्तर दाखव आणि सांग : कबुली आठवड्यातून एकदाच घ्या, आणि 'हे पाप होते का?' या माझ्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. रात्रीच्या प्रार्थनेला १० मिनिटे. घड्याळ लाव, वाक्य अर्धे राहिले तरी दिवा बंद कर.

प्रश्न : दारू सोडून दीड वर्ष झाले. मार्चमध्ये ऑफिसची सहल दिंडोरीकडच्या वायनरीत आहे. सगळे म्हणतात, वाइन शास्त्रात आहे. शिवाय प्रभुभोजनाच्या पेल्याचे काय? (एक वाचक, सिडको)

उत्तर : १ तीमथ्य ५:२३ मध्ये पौलाने 'थोडा द्राक्षारस' पोटाच्या दुखण्यासाठी सांगितला, आणि ज्याला सांगितला तो तोपर्यंत नुसते पाणी पीत होता. तुमचे दुखणे वेगळे आहे. सहलीला न जाणे उत्तम. जावेच लागले तर गाडी चालवायचे काम आधीच मागून घ्या. हातात किल्ली असलेल्याला कोणी आग्रह करत नाही. चव घेण्याच्या खोलीत जाऊ नका, जेवणाच्या वेळेलाच पोचा, आणि त्या दिवशी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकीला जायचे आधीच ठरवून ठेवा. प्रभुभोजनासाठी अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. तुमच्या मंडळीत काय आहे ते विचारा. कॅथलिक असाल तर नुसती भाकर घेतली तरी सहभाग पूर्ण मानला जातो. पाळकांना शनिवारीच एका ओळीचा निरोप पाठवा, म्हणजे पेला तुमच्या ओळीपर्यंत येईल तेव्हा काय करायचे हे दोघांनाही माहीत असेल.